उसाला काट्याची पावती, क्रेनवाल्याला काय?

ते रील तुम्ही पाहिलं असणार. नेता गावात येतोय. चौकात गर्दी, हलगीचा कडकडाट, गुलाल. आणि क्रेनच्या हुकाला लटकलेला वीस-पंचवीस फुटांचा हार हळूहळू खाली, नेत्याच्या डोक्याकडे येतोय. ड्रोनचा शॉट, मागे दणदणीत गाणं, खाली आगीचे इमोजी. त्या रीलमध्ये सगळं गाव दिसतं. ज्याच्या हातातल्या लिव्हरवर तो हार तोललेला असतो, तो माणूस तेवढा दिसत नाही.

क्रेनवर हेल्पर म्हणून लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतात: लटकत्या लोडखाली माणूस नको. बाकी सगळं नंतर शिकवतात. चौकात आपण हौसेनं नेमकं तेच करतो. लोड लटकवतो आणि त्याच्याखाली गावातला सगळ्यात मोठा माणूस उभा करतो, भोवती पाचशे पोरं. केबिनमधल्या माणसाला हे चुकीचं आहे हे पक्कं ठाऊक असतं. तरी तो बोलत नाही.

तो का बोलत नाही, हा माझा प्रश्न आहे. कारण हाराच्या वेळी तो गप्प राहतो तसाच बांधकामावरही गप्प राहतो, आणि तिथे हुकाला फुलं नसतात.

मी वारणेच्या खोऱ्यातला. माझा चुलतभाऊ अकरा वर्षं हायड्रा चालवतोय. हायड्रा म्हणजे ती पिवळी, पुढे लांब बूम काढून रस्त्यानं डुलत जाणारी, चार चाकांची क्रेन. हे नाव एका कंपनीच्या मॉडेलचं. पण आता कुठल्याही कंपनीची असली तरी लोक तिला हायड्राच म्हणतात. दादाचा दिवस पहाटे सुरू होतो, कारण ट्रॅफिक वाढायच्या आत शिरोलीहून साइटवर पोचायचं असतं आणि हे यंत्र रस्त्यावर रांगतच चालतं. केबिनला लागूनच इंजिन. एप्रिल-मेमध्ये आत बसणं म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलवाणाशेजारी बसणं. साइटवर पोचलं की बहुतेक वेळा वाट बघायची: माल आला नाही, वेल्डर आला नाही, साहेब आले नाहीत. मग दुपारी चारला सगळं एकदम येतं आणि रात्री अकरापर्यंत संपवायचं असतं. दिवाळीत तर घरी राहणंच नाही. कारखाने चार दिवस बंद, म्हणजे मशीन हलवायला हीच वेळ. जगाची सुट्टी तो क्रेनचा हंगाम.

दोन वर्षांपूर्वी मी त्याचा डबा घेऊन एका शेडच्या कामावर गेलो होतो. लोखंडी कैच्या वर चढवायच्या होत्या. दादानं विचारलं, "वजन किती?" ठेकेदार म्हणाला, "असंल दीड-दोन टन." कैची उचलली, बूम बाहेर काढली आणि क्रेनची मागची चाकं जमिनीपासून वीतभर वर आली. दादानं लगेच लोड खाली घेतला. मला वाटलं, आता काम थांबेल. ठेकेदारानं हाक मारली, "आरं, मागं चारजण बसा रं." चार मजूर क्रेनच्या मागच्या बाजूला चढून बसले. माणसांचं वजन, यंत्र पालथं होऊ नये म्हणून. दादा खाली उतरला, म्हणाला, "असलं मी करत न्हाई." ठेकेदारानं वाद घातला नाही. त्यानं फक्त खिशातून फोन काढून मालकाला लावला. दोन मिनिटांनी दादाचा फोन वाजला. बोलणं संपल्यावर तो परत केबिनमध्ये चढला.

त्या दिवशी काही झालं नाही. अशा कामांत बहुतेक दिवशी काहीच होत नाही, आणि धोका तिथेच आहे. काल झालं नाही, म्हणून आज करायचं.

चौदा टनाचं कोडं

क्रेनवर '१४ टन' लिहिलेलं असतं. ते वाचून साइटवरच्या प्रत्येकाला वाटतं, ही चौदा टन उचलते. उचलते, पण बूम आत घेतलेली असताना, लोड अगदी जवळ असताना आणि जमीन सपाट, कडक असताना. बूम जसजशी लांब जाईल तशी ताकद झपाट्यानं घटते.

यात अवघड काही नाही. पाण्यानं भरलेली कळशी कमरेवर घेऊन आई अर्धा मैल चालते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलंही जमणार नाहीत. कळशी तीच, पाणी तेवढंच; बदललंय ते अंतर. शाळेतल्या तरफेच्या हिशेबानं अंतर दुप्पट झालं की ताकद निम्मी, चौपट झालं की पाव. दोन मीटरवर आठ टन पेलणारं यंत्र आठ मीटरवर जेमतेम दोन टन पेलेल. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण बाहेर निघालेल्या बूमलाही स्वतःचं वजन असतं. हायड्रा मधोमध वळते, त्यामुळे वळलेल्या अवस्थेत तिचा तोल आणखी कच्चा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण खाली पाइपलाइनचा बुजवलेला चर असला तर एकच चाक रुततं आणि तेवढं पुरतं.

हा सगळा हिशेब एका तक्त्यावर लिहिलेला असतो. त्याला लोड चार्ट म्हणतात. तो वाचायला दोनच आकडे लागतात: लोडचं वजन आणि त्याचं अंतर. अंतर ऑपरेटर पावलांनी मोजू शकतो. वजन त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. आणि त्याला सांगतात, "असंल दीड-दोन टन."

हे कुठे चाललंय? वारणेच्या खोऱ्यात. जिथलं अख्खं अर्थकारण वजनावर उभं आहे.

वारणानगर उभं राहिलं ते उसावर. तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर सहकारी साखर कारखाना काढला. त्यामागून दूध आलं, बाजार आला, शाळा-कॉलेजं आली, लहान मुलांचा वाद्यवृंदसुद्धा आला. १९९८ साली, देशातल्या बहुतेक गावांनी संगणक पाहिलाही नव्हता तेव्हा, इथल्या सत्तर गावांना संगणकानं जोडायचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सरकारनं हाती घेतला. शेतकऱ्याला उसाची माहिती आपल्या गावात मिळावी, हा त्यातला एक हेतू होता. उसाची ट्रॉली काट्यावर जाते, भरलेली आणि रिकामी अशी दोन वजनं होतात, पावती निघते. काटामारीच्या संशयावरून या दोन जिल्ह्यांत आंदोलनं झाली, उसाच्या गाड्या अडवल्या गेल्या. ती योग्यच होती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं तर ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचं बंधन घातलं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज.

म्हणजे आपल्याला वजनाची किंमत कळते. उसाच्या एका मोळीचं वजन चुकलं तर आपण रस्त्यावर येतो. मग माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या दोन टन लोखंडाचं वजन अंदाजानं कसं चालतं? उसाला काटा आहे, दुधाला फॅट आहे, क्रेनच्या हुकाला 'असंल' आहे.

कायदा आहे की

इथे कुणीतरी म्हणेल, कायदे आहेत की. आहेत, भरपूर आहेत.

कालपर्यंत चित्र असं होतं. दादाची क्रेन कारखान्याच्या गेटच्या आत असली की १९४८ चा कारखाने अधिनियम लागू. त्यात उचल यंत्रांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची. तीच क्रेन गेटबाहेर पुलाच्या कामावर गेली की १९९६ चा बांधकाम कामगार कायदा. आणि दोन्हींच्या मध्ये, वाठारच्या रस्त्यावर असली की मोटार वाहन कायदा. त्याच्या नियमांत तर फिरत्या क्रेनची व्याख्याच अशी आहे की तिचं रस्त्यावर चालणं हे मूळ कामाला आनुषंगिक, थोड्या वेळापुरतं आणि ताशी ५० किलोमीटरच्या आतलं. एकाच दिवसात, एकाच सीटवर बसून, माणूस तीन कायद्यांतून प्रवास करायचा आणि एकाही कायद्याच्या घरी मुक्कामाला नसायचा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि यातले पहिले दोन कायदे व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरघळले. संहितेत चांगल्या गोष्टी आहेत: नियुक्तीपत्र, जादा कामाला दुप्पट दर. पण ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. कंत्राटी कामगारांचं प्रकरण तर पन्नासपासून पुढे. आता दादाच्या मालकाकडे बघा. तीन क्रेन, तीन ऑपरेटर, तीन हेल्पर. सहा माणसं. आपल्या भागातले अनेक क्रेनमालक असेच आहेत. ज्याच्याकडून पगार मिळतो तो कायद्याच्या उंबरठ्याबाहेर, ज्याच्या साइटवर जीव धोक्यात असतो तो म्हणतो, "ह्यो आमचा माणूस न्हवं, क्रेनवाल्याचा."

आणि नाही म्हणण्याच्या हक्काचं काय? जिवाला तातडीचा धोका आहे असं वाटलं, तर कामगारानं ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनाला आणावं, अशी सोय संहितेत आहे. निदर्शनाला आणावं. मागची चाकं वीतभर वर आलेली असताना, बूमला कैची लोंबकळत असताना, दादानं कोल्हापूरच्या कार्यालयात निरीक्षकाला कळवावं. हात लिव्हरवरून काढून काम थांबवायचा आणि त्यापायी उद्याचा रोजगार न गमावण्याचा हक्क मात्र त्या कलमात सरळ शब्दांत नाही.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाबद्दलही ऐकून घ्या. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमतो, त्यातून नोंदणीकृत कामगारांना लाभ मिळतात. नोंदणीला वर्षातल्या नव्वद दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र लागतं. गवंड्याला एक ठेकेदार ते देऊ शकतो. दादा वर्षभरात पन्नास साइटवर जातो, कुठे एक दिवस, कुठे तीन तास. त्याला नव्वद दिवसांचा दाखला कुणी द्यायचा?

'चालकाचा ताबा सुटला'

अपघात झाला की मात्र सगळ्यांना तो एकदम सापडतो. बातमीचं वाक्य ठरलेलं: 'क्रेनचालकाचा ताबा सुटल्याने.' पोलिसांचा कागदही साधारण त्याच वाटेनं जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीनं झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. शिक्षा वाढली, ठीक. पण हयगय कुणाची, हे ठरवताना घटनास्थळी हाताला लागणारा पहिला माणूस केबिनमध्ये असतो. ज्यानं वजन अंदाजानं सांगितलं त्याच्या तोंडच्या शब्दाचा कुठेच कागद नसतो. ज्या मालकानं फोनवर 'उचल' म्हटलं, त्या फोनमध्ये काय बोलणं झालं हे कुणाला सिद्ध करता येत नाही.

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात सरलांब्याजवळ गर्डर बसवणारं महाकाय यंत्र कोसळलं आणि वीस माणसं गेली. ते यंत्र हायड्रापेक्षा कितीतरी मोठं, कंपन्या मोठ्या, म्हणून देशभर बातमी झाली, गुन्हा कंपन्यांच्या ठेकेदारांवर दाखल झाला. शेडवर, विहिरीवर, पाण्याच्या टाकीवर एकेकटा मरणारा हेल्पर आतल्या पानावर चार ओळींत संपतो. हायड्राचे बळी बहुतेकदा असेच: लोड हलू नये म्हणून हातानं दोर धरून क्रेनच्या पुढे उलटा चालणारा हेल्पर, जो बूमच्या आणि लोडच्या आड ऑपरेटरला दिसतच नाही. हे इतकं ठाऊक आहे की अनेक मोठ्या प्रकल्पांवर जुन्या घडणीच्या हायड्राला प्रवेशच नसतो. केबिन पुढे असलेली नवी यंत्रं मागवतात. मग जुनी यंत्रं भंगारात जातात का? ती आपल्याकडे येतात. जिथे विचारणारा कुणी नाही तिथे.

१९६९ ची आठवण

आता मुद्द्यावर येतो. महाराष्ट्राला या प्रश्नाचं उत्तर शोधायची गरज नाही. ते सापडलेलं आहे, १९६९ सालीच.

माथाडी कामगाराचीही हीच अडचण होती. आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात. कायमचा मालक नाही, म्हणून रजा नाही, फंड नाही, अपघाताची भरपाई नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर राज्यानं कायदा केला आणि त्यातली युक्ती साधी होती. मालक सापडत नाही ना, मग मंडळच मधे उभं करा. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ. काम करून घेणाऱ्यानं मजुरी आणि त्यावर लेव्ही मंडळात भरायची. मंडळानं कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी सांभाळायचं. पेढी बदलली तरी माणसाची नोंद बदलत नाही. पुढे १९८१ मध्ये हाच साचा खासगी सुरक्षारक्षकांना लावला गेला.

डोक्यावरून ओझं वाहणाऱ्याला पंचावन्नहून अधिक वर्षांपूर्वी या राज्यानं माणूस म्हणून नोंदवलं. तेच ओझं लिव्हरनं उचलणारा अजून क्रेनच्या भाड्यात 'ऑपरेटरसह' या एका शब्दात धरलेला आहे, डिझेलसारखा.

माझी मागणी एवढीच आहे. क्रेन, हायड्रा, जेसीबी, पोकलेन अशा भाड्यानं फिरणाऱ्या यंत्रांवरच्या ऑपरेटर आणि हेल्परांसाठी जिल्हावार मंडळ. यंत्राच्या प्रत्येक बिलावर लेव्ही. आणि प्रत्येक उचलीआधी एक चिठ्ठी: वजन किती, अंतर किती, कुणी सांगितलं, सही. ज्याच्याकडे चिठ्ठी नाही त्याचा लोड उचलायचा नाही, आणि त्यापायी ऑपरेटरचा दिवस बुडणार नाही.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते आमच्याच घरात जेवताना निघतात.

पहिला आक्षेप दादाच्या मालकाचा. तो स्वतः आधी ऑपरेटर होता. क्रेनवर कर्ज आहे, हप्ता चुकला की बँकेचा फोन. "मी नको म्हटलं तर शेजारचा शंभर रुपये कमी घेऊन जातोय," तो म्हणतो. खरं आहे. म्हणूनच हे एकट्या मालकाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. लेव्ही सगळ्यांना सारखी लागली तर शेजारचा शंभर रुपये कमी कशातून करणार? आज तो ते ऑपरेटरच्या झोपेतून करतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माथाडीच्या नावाखाली खंडणी चालते. चालते. उद्योजकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. मजूर सहकारी संस्थांचंही तेच. सरकारी कामांत त्यांच्यासाठी ३३ टक्के वाटा राखलेला, आणि संस्थेत मजूर सोडून सगळे. पण खोटी नोट बाजारात आली म्हणून कुणी पगार घ्यायचा बंद करत नाही. मंडळाचे पैसे थेट खात्यात जाऊ शकतात, हजेरी फोनवर लागू शकते. १९९८ मध्ये जे खोरं संगणकावर उसाची नोंद करायला निघालं होतं, त्याला २०२६ मध्ये सहा माणसांची हजेरी अवघड नाही.

तिसरा आक्षेप तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांचा: "क्रेनवाल्याला बी.कॉम.वाल्यापेक्षा जास्त मिळतात की." मिळत असतील. मग बी.कॉम.वाल्याला ऑफिसात साहेब कधी म्हणतो का, की कपाट कलतंय, जरा चौघं मागं बसा?

हाबेस, आरिया

क्रेनच्या कामात दोन जुने शब्द आहेत. 'हाबेस' म्हणजे वर घे. 'आरिया' म्हणजे खाली सोड. जहाजांवरच्या खलाशांच्या बोलीतून ते आले. आरिया तर मूळचा पोर्तुगीज. समुद्र ओलांडून, बंदरातून घाट चढून ते शब्द आमच्या उसाच्या रानापर्यंत पोचले. वर घे याला शब्द आहे, खाली सोड याला आहे. 'नाही उचलत' याला मात्र इशारा नाही. थांबण्याचा इशारा आहे, पण तो खालून केबिनकडे जातो. केबिनमधून खाली येणारा कुठलाच नाही.

खंडेनवमीला दादा क्रेन धुतो. झेंडूचा हार, लिंबू-मिरची, हळद-कुंकू, हुकाखाली नारळ. मालक पेढे वाटतो. यंत्राचा विमा असतो, पासिंग असतं, सर्व्हिसिंगची तारीख लिहिलेली असते. गेल्या वर्षी मी त्याला विचारलं, "तुझं कुठं काय लिहिलंय?" तो हसला. त्यानं खिशातून एक वही काढली. मागच्या दोन वर्षांपासून तो प्रत्येक उचलीची नोंद ठेवतोय: तारीख, गाव, सांगितलेलं वजन, सांगणाऱ्याचं नाव. सही कुणी करत नाही. तरी तो लिहितो.

"उद्या काय झालं तर," तो म्हणाला, "माझ्याकडं पावती पाहिजे."

पुढच्या वेळी चौकात क्रेनला हार लटकलेला दिसला, तर रील काढायच्या आधी त्या हाराखालून बाजूला या आणि शेजारच्यालाही ओढा. घराचं, शेडचं, विहिरीचं काम काढाल तेव्हा क्रेन बोलावण्याआधी लोडचं वजन माहीत करून घ्या आणि ऑपरेटरच्या हातात लिहून द्या, सहीनिशी. मंडळ होईल तेव्हा होईल; त्यासाठी भांडावं लागेल आणि आपल्या भागाला भांडण नवं नाही. काट्याची पावती आपल्याला कुणी आपणहून दिली नव्हती.